मुलकी आणि गैरमुलकी : मराठवाड्यातील ओळखदर्शक संज्ञांचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

माणूस 'इथला' की 'बाहेरचा' हे ठरविताना जन्मस्थान, वंश आणि राज्यसंस्थेचे सदस्यत्व हे तीन निकष सर्वत्र वापरले जातात. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानात 'मुलकी' व 'गैरमुलकी' या संज्ञांच्या रूपाने हे निकष कायद्यात आले. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, १९५६ मध्ये त्याचे त्रिभाजन झाले. परंतु त्या संज्ञांमागील विचारपद्धती संपली नाही. अधिवास प्रमाणपत्र, जातीचे प्रमाणपत्र व त्यांसाठी ठरविलेल्या 'मानीव दिनांकां'च्या रूपाने ती आजही नांदेड-लातूरच्या सीमावर्ती भागातील सामान्य कुटुंबांच्या जीवनावर परिणाम करते. प्रस्तुत निबंधात या प्रवासाचा आढावा घेण्यात आला असून, मातीतून किंवा रक्तातून आलेली वाटणारी ओळख ही प्रत्यक्षात एका विशिष्ट दिवशी, एका विशिष्ट शासनाने, एका विशिष्ट कागदावर निश्चित केलेली असते, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : मुलकी, गैरमुलकी, हैदराबाद संस्थान, मराठवाडा, अधिवास, राज्य पुनर्रचना, बंजारा.

प्रस्तावना

नांदेड जिल्ह्यातील नायगाव, बिलोली, देगलूर, धर्माबाद या पट्ट्यात अनोळखी माणसाची चौकशी साधारणपणे तीन प्रश्नांनी होते : गाव कोणते, आडनाव काय आणि काम कचेरीत असेल तर कागद कुठला. गाव म्हणजे जन्मस्थान, आडनाव म्हणजे वंश आणि कागद म्हणजे राज्यसंस्थेने मान्य केलेले सदस्यत्व. या तिन्हींची उत्तरे एकमेकांशी जुळली तर माणूस 'इथला' ठरतो. ती जुळली नाहीत तर त्याला आपले इथलेपण सिद्ध करावे लागते.

हे जुळणे वाटते तितके सोपे नाही. या भागातील आडनावेच त्याची साक्ष देतात. '-कर' प्रत्ययाची आडनावे गावावरून पडलेली असतात. परंतु देगलूरातच राहणाऱ्याला 'देगलूरकर' म्हणण्याचे प्रयोजन नसते. गाव सोडून दुसरीकडे गेलेल्याच्या नावालाच गाव चिकटते. म्हणजे जन्मस्थान सांगणारे आडनाव बहुधा स्थलांतराचा पुरावा असते. याच पट्ट्यात '-वार' हा तेलुगू 'वारु'शी नाते सांगणारा प्रत्यय लावणारी अनेक कुटुंबे आहेत. त्यांचे पूर्वज कोणत्या भाषेच्या प्रदेशातून आले हे आडनावावरून कळते, परंतु आज घरात, बाजारात व शाळेत त्यांची भाषा मराठी आहे. त्यांना मराठी म्हणावे की तेलुगू, हा प्रश्न जन्मस्थानावरून विचारला तर एक उत्तर मिळते आणि वंशावरून विचारला तर दुसरे.

नायगाव हा तालुका १९९९ मध्ये अस्तित्वात आला. त्यापूर्वी हा परिसर प्रामुख्याने बिलोली तालुक्यात होता. तालुका, जिल्हा व राज्य या तिन्ही पातळ्यांवर सीमा बदलल्या, माणसे मात्र आपापल्या गावीच राहिली. म्हणूनच ओळखदर्शक संज्ञांचा इतिहास अभ्यासण्यासाठी हा प्रदेश विशेष उपयुक्त ठरतो.

दक्खनी आणि आफाकी : प्रश्नाची पूर्वपीठिका

'इथला' आणि 'बाहेरचा' हा भेद निजामी राजवटीने प्रथम निर्माण केला असे म्हणता येत नाही. १३४७ मध्ये स्थापन झालेल्या बहमनी राज्यात दरबारी सरदारांचे दोन पक्ष होते. दख्खनमध्ये स्थायिक झालेल्यांना 'दक्खनी' आणि इराण, मध्य आशिया इत्यादी प्रदेशांतून नव्याने आलेल्यांना 'आफाकी' म्हटले जाई. वजीर महमूद गावान हा मूळचा इराणच्या गिलान प्रांतातील. बिदर येथे त्याने उभारलेला मदरसा आजही उभा आहे. १४८१ मध्ये सुलतानाच्या आज्ञेने त्याचा वध झाला, त्यामागे या दोन पक्षांतील वैर होते हे सर्वश्रुत आहे.

या भेदाकडे बारकाईने पाहिल्यास एक गोष्ट लक्षात येते. आफ्रिकेतून आलेले हबशी सरदार जन्माने दख्खनचे नव्हते, तरी दरबारी राजकारणात त्यांची गणना सामान्यतः दक्खनी पक्षात होत असे. पुढे निजामशाहीचा आधारस्तंभ ठरलेला मलिक अंबर याचा जन्म इथिओपियातला. १६१० मध्ये त्याने खडकी हे नगर वसविले, जे पुढे औरंगाबाद व आता छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखले जाते. मोगलांविरुद्ध दख्खनच्या बाजूने लढणाऱ्यांत त्याचे नाव अग्रस्थानी येते. याचा अर्थ 'दक्खनी' ही संज्ञा जन्मस्थानाची निदर्शक असली तरी व्यवहारात ती पक्षाची, निष्ठेची आणि परतीचा मार्ग नसण्याची निदर्शक होती.

नांदेड शहरात याच प्रक्रियेचे आणखी एक उदाहरण आढळते. महाराजा रणजितसिंहांच्या काळात पंजाबातून निजामाच्या सेवेत आलेल्या शीख पथकांचे वंशज दख्खनमध्ये स्थायिक झाले. त्यांना 'दक्खनी शीख' म्हटले जाते. येथे वंश पंजाबचा, जन्म दख्खनचा आणि संज्ञेत दोन्ही एकत्र नांदतात. समाजाने स्वतः घडविलेली संज्ञा अशी लवचीक असू शकते. शासनाने घडविलेल्या संज्ञेला ही मुभा नसते, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

मुलकी नियम : 'जन्म' या शब्दाचा अर्थ

पहिल्या सालारजंगांनी १८५३ ते १८८३ या काळात दिवाण म्हणून संस्थानाच्या कारभाराची नव्याने घडी बसविली. त्यासाठी उत्तर हिंदुस्थानातून शिक्षित अधिकारी आणले गेले. १८८० च्या दशकात कारभारातून फारसी भाषा जाऊन उर्दू आली आणि या अधिकाऱ्यांचे वर्चस्व अधिकच दृढ झाले. स्थानिक उमरावांत व नव्याने शिकलेल्या वर्गात त्याविरुद्ध असंतोष निर्माण झाला. 'मुलकी' (मुलखातला) व 'गैरमुलकी' या संज्ञा त्या असंतोषातून राजकीय भाषेत रूढ झाल्या. १९१९ मध्ये निजामाच्या फर्मानाने त्यांना नियमांचे रूप मिळाले. मुलकी नसलेल्या व्यक्तीची नेमणूक निजामाच्या विशेष मंजुरीशिवाय सरकारी नोकरीत होऊ नये, असा त्यांचा आशय होता.

या नियमांनुसार चार प्रकारे मुलकी होता येत असे. पहिला मार्ग जन्माने संस्थानचा प्रजाजन असण्याचा. दुसरा दीर्घ वास्तव्याचा : संस्थानात किमान पंधरा वर्षे कायम वास्तव्य हवे, पूर्वीच्या ठिकाणी परतण्याचा विचार सोडून दिलेला हवा आणि तसे दंडाधिकाऱ्यापुढे प्रतिज्ञापूर्वक लिहून दिलेले हवे. तिसरा मार्ग वडिलांच्या सेवेचा : व्यक्तीच्या जन्माच्या वेळी वडील सरकारी नोकरीत असावेत आणि त्यांची पंधरा वर्षांची सेवा पूर्ण झालेली असावी. चौथा मार्ग केवळ स्त्रियांसाठी होता : मुलकी पुरुषाची पत्नी मुलकी मानली जाई.

यातील पहिला मार्ग वरवर जन्मस्थानाचा वाटतो. परंतु नियमांनीच त्याची व्याख्या केली होती. ज्याच्या जन्माच्या वेळी त्याचा पिता मुलकी होता, तो जन्माने संस्थानचा प्रजाजन. म्हणजे 'जन्म' या शब्दाने येथे जन्मभूमी अभिप्रेत नसून पितृवंश अभिप्रेत होता. बिलोलीत जन्मलेले परंतु बाहेरून आलेल्या पित्याचे मूल जन्मामुळे मुलकी होत नव्हते. उलट मुलकी पित्याचे मूल मुंबईत जन्मले तरी ते मुलकीच. आईचा विचार या व्याख्येत कोठेही नव्हता.

दुसऱ्या मार्गातील 'परतण्याचा विचार सोडून देणे' ही अटही विचारार्ह आहे. वास्तव्याची वर्षे मोजता येतात, मनातील विचार मोजता येत नाही. म्हणून त्याचे रूपांतर कागदात करण्यात आले. बहमनी काळात जी गोष्ट निष्ठेने व व्यवहाराने सिद्ध होत होती, ती आता छापील नमुन्यावर सिद्ध होऊ लागली.

मुलकीपणाचा लाभ कोणाला ?

तत्त्वतः मुलकी ही संज्ञा धर्म व भाषा यांच्या पलीकडची होती. संस्थानाच्या लोकसंख्येत सुमारे निम्मे लोक तेलुगू भाषक व सुमारे एक चतुर्थांश मराठी भाषक होते. कन्नड व उर्दू भाषकही होते. या सर्वांना सामावून घेणारी ती प्रादेशिक ओळख होती. १९३० च्या दशकात स्थापन झालेल्या निजाम प्रजाजनांच्या संघाने, म्हणजे 'मुलकी लीग'ने, हैदराबाद हैदराबादकरांसाठी असावे ही भूमिका मांडली. तिच्यात हिंदू व मुस्लिम दोन्ही समाजांतील सुशिक्षित सहभागी होते.

व्यवहारात मात्र हा समान हक्क समान राहिला नाही. कारभाराची भाषा उर्दू होती आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. नायगाव परिसरातील मराठी शेतकऱ्याचा मुलगा नियमाने पूर्ण मुलकी होता, परंतु नोकरीपर्यंत नेणारे शिक्षण त्याच्या भाषेत नव्हते. संज्ञा मिळाली, संधी मिळाली नाही. १९३७ मध्ये परतूर येथे पहिले अधिवेशन भरविणाऱ्या महाराष्ट्र परिषदेच्या कार्यात मातृभाषेतून शिक्षणाच्या प्रश्नाला महत्त्व का होते, हे या पार्श्वभूमीवर समजते. मराठी भाषकांनी आपली ओळख 'मुलकी' या संज्ञेपेक्षा भाषेशी जोडण्यास प्रारंभ केला, त्याचे एक कारण मुलकीपणाच्या या अपुरेपणात होते.

राजकीय चळवळीलाही 'बाहेरचे' या आरोपाला तोंड द्यावे लागले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी घालण्यात आली. तिचा राज्याबाहेरील संघटनेशी असलेला संबंध हे बंदीच्या समर्थनार्थ पुढे केलेल्या कारणांपैकी एक होते. या चळवळीचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे जीवन या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यांचा जन्म १९०३ मध्ये विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे, म्हणजे संस्थानाबाहेर झाला. पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. हिप्परगा व अंबाजोगाई येथील राष्ट्रीय शिक्षणाच्या कार्यातून ते मराठवाड्याशी एकरूप झाले. १९५२ मध्ये गुलबर्गा व १९५७ मध्ये औरंगाबाद या मतदारसंघांतून ते लोकसभेवर निवडून आले. एक मतदारसंघ कन्नड भाषकांचा, दुसरा मराठी भाषकांचा. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. जन्मस्थानाच्या निकषावर त्यांना 'इथले' म्हणणे कठीण, लोकमान्यतेच्या निकषावर त्यांच्याइतका 'इथला' दुसरा कोणी दाखविणेही कठीण. याउलट लातूर येथे वकिली करणारे व रझाकारांचे नेतृत्व करणारे कासीम रझवी १९५७ मध्ये कारावासातून सुटल्यावर पाकिस्तानात निघून गेले. परतण्याचा विचार कोणी सोडला होता आणि कोणी नाही, हे दंडाधिकाऱ्यापुढील प्रतिज्ञापत्रापेक्षा इतिहासाने अधिक स्पष्टपणे दाखविले.

प्रजाजनाकडून नागरिकाकडे

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळातील पोलीस कारवाईनंतर निजामाची सत्ता संपुष्टात आली. २३ नोव्हेंबर १९४९ च्या फर्मानाने निजामाने भारतीय राज्यघटना संस्थानाला लागू होण्यास मान्यता दिली. २६ जानेवारी १९५० रोजी संस्थानचा प्रजाजन भारताचा नागरिक झाला. घटनेच्या पाचव्या अनुच्छेदाने भारतात अधिवास असणाऱ्या व्यक्तीला तीन पर्याय दिले : तिचा स्वतःचा जन्म भारतात झालेला असावा, किंवा आई-वडिलांपैकी एकाचा जन्म भारतात झालेला असावा, किंवा लगतपूर्व किमान पाच वर्षे तिचे सामान्य वास्तव्य भारतात असावे. मुलकी नियमांशी तुलना केल्यास यातील औदार्य ध्यानात येते. येथे जन्म म्हणजे जन्मस्थान, आईलाही वडिलांइतकेच स्थान आणि वास्तव्याची मुदत पंधराऐवजी पाच वर्षे. सोळाव्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीच्या बाबतीत वंश, जन्मस्थान व निवास यांवरून भेद करण्यास मनाई केली. मात्र निवासाची अट घालण्याचा अधिकार संसदेसाठी राखून ठेवला.

या परिवर्तनाची एक दुर्लक्षित बाजूही आहे. निजामाच्या सैन्यात पिढ्यान्‌पिढ्या चाकरी करणारे अरब, रोहिले व पठाण एकाएकी परदेशी ठरले. १९४८ नंतर त्यांच्यापैकी अनेकांना स्थानबद्ध करण्यात आले आणि परत पाठविण्याचे प्रयत्न झाले. परंतु अरबांमध्ये 'मुवल्लद' म्हणून ओळखला जाणारा वर्ग होता, ज्यांच्या माता स्थानिक होत्या व ज्यांचा जन्म दख्खनमध्येच झाला होता. त्यांना परत पाठवायचे तरी कोठे ? पितृवंश पाहिला तर ते परके, जन्मस्थान पाहिले तर इथलेच. संज्ञा निश्चित करणे हा केवळ वर्गीकरणाचा प्रश्न नाही, त्यावर माणसाचे घर अवलंबून असते, याची जाणीव हे उदाहरण करून देते.

पुढील काळात भारतीय नागरिकत्वाचा कायदाही जन्मस्थानाकडून वंशाकडे सरकला. १९५५ च्या अधिनियमानुसार भारतात जन्मलेले मूल सामान्यतः जन्मानेच नागरिक होते. १ जुलै १९८७ पासून आई-वडिलांपैकी एकजण नागरिक असण्याची अट आली. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही नागरिक असावेत, अथवा एक नागरिक असून दुसरा बेकायदेशीर स्थलांतरित नसावा, अशी अट झाली. १९१९ च्या नियमांत 'जन्म' या शब्दाचा अर्थ जसा पालकांच्या दर्जावर येऊन थांबला होता, तसाच प्रवास येथेही काही प्रमाणात दिसून येतो.

१९५६ : सीमारेषा सरकली, माणसे राहिली

पोलीस कारवाईनंतर मद्रास, मुंबई व मध्यप्रांत येथून मोठ्या संख्येने अधिकारी हैदराबाद राज्यात आले. त्यातून १९५२ मध्ये गैरमुलकींविरुद्ध विद्यार्थ्यांचे आंदोलन उसळले. सप्टेंबर १९५२ मध्ये हैदराबाद शहरात त्यावर गोळीबार झाला. संस्थान गेले होते, संज्ञा जिवंत होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना कायद्याने हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला. या कायद्यातील तपशील नांदेड-लातूरच्या अभ्यासकांनी मुळातून पाहण्यासारखा आहे. नांदेड जिल्हा मुंबई राज्याला देताना देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आणि मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबीर ही मंडळे वगळण्यात आली व ती आंध्र प्रदेशात गेली. आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ मराठी बाजूला आले. बिदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुकेही मराठवाड्यात आले व पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या लातूर जिल्ह्याचे भाग बनले. ही विभागणी महसुली मंडळांच्या पातळीवर झाली. सोयरीक, बाजार व जत्रा यांनी जोडलेली गावे एका रात्रीत दोन राज्यांची झाली.

याचा मुलकी संज्ञेवर विलक्षण परिणाम झाला. १९५७ च्या सार्वजनिक नोकरीविषयक निवास कायद्याने अशा निवासी अटी सर्वसाधारणपणे रद्द केल्या. तात्पुरता अपवाद ठेवला तो तेलंगण व काही केंद्रशासित प्रदेशांसाठी. मराठवाड्याचा त्यात समावेश नव्हता. परिणामी बोधनकडील मुलकीला संरक्षण राहिले, बिलोलीकडील मुलकीचे गेले. दोघेही एकाच संस्थानचे, एकाच नियमाने मुलकी झालेले होते. मराठवाड्याला १९५३ च्या नागपूर करारातील आश्वासन आणि घटनेच्या ३७१ (२) या अनुच्छेदातील, राज्य शासनाच्या सेवांत पुरेशी संधी देण्याची तरतूद, यांवर विसंबून राहावे लागले. व्यक्तीला मिळालेला हक्क जाऊन प्रदेशाला दिलेले आश्वासन आले. १९७४ मध्ये मराठवाड्यात तरुणांच्या रोजगाराच्या व विकासाच्या मागणीसाठी जे आंदोलन झाले, त्याच्या मुळाशी हे अंतर होते.

तेलंगणात या संज्ञेचा प्रवास निराळा झाला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणासाठीची निवासाची अट घटनाबाह्य ठरविली. १९७२ मध्ये त्याच न्यायालयाने जुने मुलकी नियम वैध ठरविले. त्याविरुद्ध आंध्र भागात आंदोलन झाले व १९७३ च्या सहा कलमी सूत्रानंतर ते नियम रद्द झाले. १९७५ च्या राष्ट्रपती आदेशाने 'स्थानिक उमेदवार' ही नवी संज्ञा आणली आणि तिचा मुख्य निकष त्या भागातील सलग चार वर्षांचे शालेय शिक्षण हा ठेवला. पितृवंशाची जागा शाळेच्या दाखल्याने घेतली.

एक समाज, तीन संज्ञा

या सीमारेषेचा सर्वांत तीव्र परिणाम बंजारा समाजाच्या उदाहरणावरून दिसून येतो. नांदेड व लातूर जिल्ह्यांत, शेजारच्या निजामाबाद-कामारेड्डी भागात आणि बिदर जिल्ह्यात या समाजाचे तांडे आहेत. भाषा एक, गोत्रे समान, सोयरीक सीमेपलीकडे चालत आलेली. तरीही हा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत, तेलंगणात अनुसूचित जमातींच्या यादीत व कर्नाटकात अनुसूचित जातींच्या यादीत समाविष्ट आहे. तेलंगण भागातील लंबाडांचा अनुसूचित जमातींत समावेश १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने झाला आणि तो १९७७ मध्ये अमलात आला. वंश एकच असताना संज्ञा तीन झाल्या, त्या केवळ १९५६ च्या रेषेमुळे.

अशा संज्ञा व्यक्तीबरोबर प्रवास करीत नाहीत. १९९० मध्ये आंध्र प्रदेशातून मुंबईत आलेल्या एका विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशासंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले, की अनुसूचित जाती-जमातीचा दर्जा त्या त्या राज्याच्या संदर्भातच असतो. स्थलांतरिताला तो नव्या राज्यात आपोआप मिळत नाही. विवाहाने स्थलांतर करणाऱ्या स्त्रीलाही हेच तत्त्व लागू होते.

सीमेवरील कुटुंबांत या तत्त्वाचा खरा भार स्त्रीवर पडतो. कामारेड्डीकडील तांड्यात जन्मलेली मुलगी माहेरी अनुसूचित जमातीची असते. लग्न होऊन ती देगलूरकडील तांड्यात आली, की जमातीच्या सवलती मागे राहतात, कारण ते राज्य मागे राहिलेले असते. सासरच्या विमुक्त जातीच्या सवलतींवरही तिला हक्क सांगता येत नाही, कारण जातीचे प्रमाणपत्र पित्याकडील पुराव्यावर मिळते आणि पित्याचा पुरावा दुसऱ्या राज्यातला असतो. १९१९ चे नियम स्त्रीला पतीमुळे मुलकी मानीत. त्यात तिला स्वतंत्र अस्तित्व नव्हते, परंतु एक स्थान होते. आजची व्यवस्था तिचे वास्तव्य पतीच्या घरी मोजते आणि वंश पित्याच्या घरी. दहा-वीस कोसांच्या अंतरात ती दोन्हीकडची असूनही कागदावर कोठलीच राहत नाही.

दाखला आणि दिनांक

महाराष्ट्रात राज्य सेवेसाठी अधिवास प्रमाणपत्र घेताना सामान्यतः पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. हा आकडा मुलकी नियमांतील आकड्याशी जुळतो. हा योगायोग असेल, परंतु विचार तोच आहे. जातीच्या प्रमाणपत्रासाठी अर्जदाराचे पूर्वज ठराविक दिनांकास महाराष्ट्राच्या आताच्या क्षेत्रात राहत होते असे दाखवावे लागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे ते मानीव दिनांक होत. यांपैकी पहिल्या दोन दिनांकांना महाराष्ट्र राज्यच अस्तित्वात नव्हते; नायगावचा परिसर हैदराबाद राज्यात होता. म्हणजे आजचे राज्य आपल्या जन्मापूर्वीच्या काळात आपले रहिवासी शोधते.

दुसरीकडे, कर्नाटकच्या ताब्यातील ८६५ मराठी गावांतील रहिवाशांना तेथील पंधरा वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर महाराष्ट्रातील नोकरभरतीत पात्र मानण्याची तरतूद आहे. राजकीय इच्छा असेल तर इथलेपण सीमेपलीकडेही मान्य करता येते, हे त्यावरून दिसते.

अलीकडे निजामकालीन कागदपत्रांना पुन्हा महत्त्व आले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातील मराठा-कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे (निवृत्त) यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे प्रमाणपत्रांबाबत शासन निर्णय निघाला व त्यास न्यायालयात आव्हानही देण्यात आले. त्याच महिन्यात बंजारा समाजानेही हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी केली. या मागण्यांच्या योग्यायोग्यतेचा निर्णय येथे अभिप्रेत नाही. इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट एवढीच, की एका राजवटीने कर, शेती व जनगणना यांसाठी केलेल्या नोंदी दुसऱ्या राजवटीत वंशाचा पुरावा बनल्या. जनगणनेच्या कारकुनाने व गावच्या पटवाऱ्याने ज्या शब्दात नोंद केली, तो शब्द लिहिताना शंभर वर्षांनंतरचे आरक्षण त्याच्या डोळ्यांपुढे नव्हते. ज्यांची नोंद झाली नाही, तांडा फिरता असल्याने राहून गेली किंवा ज्यांचा कागद वाळवीने खाल्ला, त्यांचा वंश मात्र पुराव्याअभावी संपल्यासारखा होतो.

निष्कर्ष

१. मराठवाड्याच्या इतिहासात जन्मस्थान, वंश व राज्यसंस्थेचे सदस्यत्व हे निकष स्वतंत्र राहिलेले नाहीत. १९१९ च्या मुलकी नियमांत 'जन्म' या शब्दाचा अर्थ पितृवंश असा होता, तर १९५० च्या घटनेत जन्मस्थान असा. शब्द तोच राहून आशय बदलतो. म्हणून कोणतीही ओळखदर्शक संज्ञा तिच्या सालासह वाचली पाहिजे.

२. 'दक्खनी' व 'दक्खनी शीख' यांसारख्या समाजाने घडविलेल्या संज्ञा दोन ओळखी एकत्र सामावून घेतात. शासनाने घडविलेल्या संज्ञांना मर्यादा व दिनांक आवश्यक असतो आणि त्या मर्यादेवरची माणसे त्यात बसत नाहीत.

३. मुलकीपणाने मराठी भाषकांना समान दर्जा दिला, परंतु शिक्षणाची भाषा वेगळी असल्याने समान संधी दिली नाही. संज्ञेबरोबर तिच्या वापराची साधने मिळाली नाहीत तर ती कागदावरच राहते.

४. १९५६ च्या सीमारेषेने एकाच समाजाला अनेक संज्ञा दिल्या. त्याचा सर्वाधिक भार विवाहाने सीमा ओलांडणाऱ्या स्त्रियांवर पडतो. पंधरा वर्षांच्या वास्तव्याने पुरुष स्थानिक ठरू शकतो. सासरी आयुष्य काढलेल्या स्त्रीच्या वास्तव्याला वंशाच्या बाबतीत काहीच किंमत नसावी, ही विसंगती धोरणकर्त्यांनी विचारात घेणे आवश्यक आहे.

नायगाव, बिलोली, देगलूर या परिसरातील महाविद्यालयांत प्रवेशाच्या काळात कागदपत्रांच्या पडताळणीचे काम प्राध्यापकांकडेही येते. समोर ठेवलेल्या दाखल्यावरील प्रत्येक शब्दामागे एका राजवटीचा नियम, एका सीमेचा बदल व एका कुटुंबाचा प्रवास असतो. तो वाचता येणे हे इतिहासाच्या अध्यापनाचे एक प्रयोजन मानले पाहिजे.